वाचक विचारतात : वेल, पान आणि पाणी

मागच्या अंकात ब्राझीलमधल्या काही धर्मपंथांची ओळख करून दिली होती. हे पंथ अयावास्का नावाचा वनस्पतींचा काढा उपासनेत पवित्र पेय म्हणून घेतात. या काढ्याने मिटल्या डोळ्यांपुढे दृश्यं उभी राहतात, जुन्या आठवणी वर येतात आणि काही तास मनाची घडीच बदलते. त्यावर आलेल्या पत्रांत कुतूहल जितकं होतं तितकीच काळजीही होती. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सांतो दाइमे, उनियांव दो वेजेताल आणि बार्किन्या ही एकाच पंथाची तीन नावं आहेत की हे तीन वेगळे पंथ आहेत?

तीन वेगळे पंथ आहेत. काढा एकच, पण घराणी तीन. मूळ भूमी मात्र सारखी आहे. ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढायला ईशान्य ब्राझीलमधून हजारो गरीब मजूर आले. बोलिव्हिया आणि पेरूच्या सीमेवर त्यांची गाठ या काढ्याशी पडली. तो तिथल्या आदिवासींच्या आणि मिश्र वस्तीतल्या वैद्यांच्या वापरात पिढ्यान् पिढ्या होता. मजुरांच्या मनात लहानपणापासूनचा कॅथलिक धर्म, माळ आणि संतांची भक्ती होती. या दोहोंच्या मिलाफातून हे पंथ उभे राहिले.

सांतो दाइमेचे संस्थापक राइमुंदो इरिनेउ सेरा. मारान्यांव राज्यातून आलेला हा उंचापुरा कृष्णवर्णीय मजूर पुढे 'मेस्त्रे इरिनेउ', म्हणजे 'गुरू इरिनेउ', म्हणून ओळखला गेला. परंपरा सांगते की काढ्याच्या अंमलात त्यांना चंद्रातून एक देवी दिसली. आठ दिवस जंगलात फक्त बिनमिठाचा उकडलेला कसावा हा कंद खाऊन राहा, अशी तिची आज्ञा होती. तीच अनुयायांची 'वनराणी', आणि तिलाच ते कुमारी मरियमही मानतात. १९३० मध्ये आक्रे प्रांतातल्या रिओ ब्रांको गावात पहिली सामूहिक उपासना झाली. 'दाइमे' म्हणजे 'मला दे'. मला बळ दे, मला प्रेम दे, अशी ती विनवणी आहे आणि तेच काढ्याचं नाव झालं.

इरिनेउ यांचे स्नेही दानिएल परेरा दे मातोस पूर्वी नौदलात होते. त्यांनी १९४५ मध्ये रिओ ब्रांकोतच बार्किन्या, म्हणजे 'छोटी होडी', सुरू केली. या पंथात आफ्रिकी-ब्राझिलियन परंपरेचा रंग गडद आहे आणि सभासदांचा वेष खलाशांसारखा असतो.

उनियांव दो वेजेताल सगळ्यांत धाकटा, पण आज सर्वांत संघटित. बाहिया राज्यातले जोझे गाब्रिएल दा कोस्ता यांनी २२ जुलै १९६१ रोजी बोलिव्हियाच्या सीमेजवळच्या रबराच्या जंगलात तो स्थापला. १९६५ मध्ये ते पोर्तो वेल्यो शहरात आले आणि १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी इरिनेउ यांचंही निधन झालं.

सांतो दाइमेचीही पुढे शाखा फुटली. सेबास्तियांव मोता दे मेलो यांनी १९७० च्या दशकात वेगळी संस्था काढली, १९८३ मध्ये ॲमेझोनास राज्यात दाट जंगलात 'सेउ दो मापिया' ही वसाहत वसवली, आणि तिथूनच हा पंथ युरोप-अमेरिकेत पोचला. म्हणून 'सांतो दाइमेवाले असं करतात' असं वाक्य वाचलं की कोणत्या शाखेचे, हे विचारायला हवं. रिओ ब्रांकोमधल्या मूळ घराण्याला नंतरच्या शाखेच्या अनेक गोष्टी मान्य नाहीत.

प्रश्न : काढ्यात दोन वनस्पती का लागतात? एकीने भागत नाही का?

भागत नाही, आणि वनस्पतिशास्त्रातल्या फार सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे.

पहिली वनस्पती म्हणजे बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही वेल. दाइमेवाले तिला झागुबे म्हणतात, उनियांवमध्ये ती मारिरी. आपल्याकडची माधवीलता याच कुळातली आहे. दुसरी म्हणजे सायकोट्रिया विरिडिस हे कॉफीच्या कुळातलं झुडूप. तिची पानं वापरतात. दाइमेमध्ये तिला 'राणी' या अर्थाने राइन्या म्हणतात आणि उनियांवमध्ये शाक्रोना.

पानात डीएमटी (डायमिथाइलट्रिप्टामिन) नावाचं द्रव्य असतं. दृश्यं दिसतात ती प्रामुख्याने त्याच्यामुळे. पण डीएमटी नुसतं पोटात गेलं तर काहीच होत नाही. आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते त्याचा तिथल्या तिथे फडशा पाडतं. वेलीत हार्मिन, हार्मालिन आणि टेट्राहायड्रोहार्मिन ही अल्कलॉइड असतात. त्यातली पहिली दोन या विकराला काही तास थोपवून धरतात. पहारेकरी बाजूला झाला की पानातलं डीएमटी रक्तात आणि तिथून मेंदूत पोचतं. वेल दार उघडते आणि पान आत जातं, असं म्हणा. मात्र वेल म्हणजे नुसती किल्ली नव्हे. अनेक आदिवासी परंपरांत वेलीलाच गुरू मानतात, आणि काढ्याचं नावही तिच्यावरूनच पडलं आहे. केचुआ भाषेत 'आया' म्हणजे मृतात्मा किंवा पूर्वज आणि 'वास्का' म्हणजे दोर, वेल.

ही अल्कलॉइड किती चिवट असतात, याचा एक दाखला. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला वाउपेस नदीच्या खोऱ्यात या वेलीचे नमुने गोळा केले होते. शंभराहून अधिक वर्षांनी ते वाळके तुकडे प्रयोगशाळेत तपासले, तेव्हाही त्यांत हार्मिन सापडलं.

प्रश्न : काढा तयार करण्याचाही विधी असतो असं लेखात होतं. तो कसा असतो?

सांतो दाइमेमध्ये त्याला फेइतियो म्हणतात, उनियांवमध्ये प्रेपारो. हा स्वयंपाक नाही, ती उपासनाच आहे. काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे चालते. सहभागी होणाऱ्यांनी आधीपासून दारू आणि शरीरसंबंध वर्ज्य करायचे, काम चालू असताना फालतू बोलायचं नाही, आणि मनात राग असेल तर हातातलं काम खाली ठेवायचं, असा दंडक असतो.

कामाची वाटणी ठरलेली असते. वेल तोडणं, वाहून आणणं, हातभर लांबीचे तुकडे करणं आणि त्यांवरची माती-शेवाळ खरवडणं पुरुषांकडे. पानं स्त्रियांकडे. एकेक पान हातात घ्यायचं, दोन्ही बाजूंनी पुसायचं, कीड आणि कोळ्याची जाळी काढायची, किडलेलं पान बाजूला टाकायचं. पोतीच्या पोती पानं अशी एकेक करून हाताखालून जातात.

मग वेल ठेचतात. ओंडक्यांच्या दोन रांगा समोरासमोर, प्रत्येकापुढे एक माणूस आणि हातात लाकडी मोगरी. सगळ्यांचे ठोके एका तालावर पडतात आणि त्याच तालात स्तोत्रं म्हटली जातात. कित्येकदा हे काम मध्यरात्रीनंतर सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं. वेलीचा पार काथ्या व्हायला हवा. अर्धवट ठेचलेल्या तुकड्याच्या गाभ्यात पाणी शिरत नाही आणि मेहनत वाया जाते.

मोठ्या पातेल्यात ठेचलेली वेल आणि पानं आळीपाळीने थरावर थर रचतात, वर पाणी, खाली लाकडाची भट्टी. भट्टीचा प्रमुख दुबेळक्याच्या काठीने चोथा खाली दाबत राहतो, कारण पानं फुगून वर येतात आणि फेसाबरोबर काढा उतू जातो. आच हवी ती एकसारखी. भडका उडाला तर तळ धरतो, आणि करपलेलं पातेलं टाकून देण्यावाचून इलाज नसतो. काढा पुरेसा आटला की काढून घेतात, तोच नव्या वेली-पानांवर ओतून पुन्हा आटवतात, आणि जुन्या चोथ्यावर नवं पाणी घालतात. म्हणून दाइमेत काढ्याच्या प्रती असतात: पहिली, दुसरी, तिसरी. कधी थांबायचं हे घड्याळावर ठरत नाही. उकळीचा आवाज, बुडबुड्यांचा आकार, वाफेचा वास आणि चमच्यावरून पडणारी धार पाहून जाणता माणूस सांगतो.

वेलीतही प्रकार आहेत. उनियांवचे लोक सरळ खोडाची तुकुनाका आणि पेरापेराला गाठी आलेली काउपुरी यांत फरक करतात. दोन्हींच्या काढ्याचा गुण वेगळा, असं त्यांचं म्हणणं आहे.

साठवणीत होणारी मोठी चूक म्हणजे काढा आंबणं. पातळ काढा, किंवा भांड्यात हवेला जागा राहिली, तर तो फसफसू लागतो, आणि घट्ट झाकलेलं भांडं गॅसमुळे फुटूही शकतं. असा काढा पुन्हा उकळावा लागतो. पंथांच्या काढ्यात वेल, पान आणि पाणी एवढंच असतं. चौथी वस्तू नाही. साखर नाही, परिरक्षक नाही.

माप आम्ही मुद्दाम दिलेलं नाही. वेलीचं वय, पानं तोडण्याची वेळ, माती आणि आटवणं यांनुसार एकाच गावच्या दोन काढ्यांची तीव्रता दुपटी-तिपटीने वेगळी असू शकते. कागदावरचं माप इथे फसवं असतं.

प्रश्न : प्रत्यक्ष उपासनेत काय चालतं? लोक झिंगून पडतात का?

नाही. ज्याने या सभा पाहिल्या नाहीत त्याची ही सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. शिस्त इतकी कडक असते की नवख्या माणसाला काढ्यापेक्षा तीच जड जाते.

उनियांवची सभा दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी असते. रात्री आठला सुरू होते आणि बाराच्या पुढे थोड्या वेळात संपते. सभासद हिरव्या रंगाच्या गणवेशात खुर्च्यांवर बसतात. सभा चालवणारा मेस्त्रे टेबलाच्या शिरोभागी. काढ्याचा पेला तो स्वतः भरून देतो, माणूस आणि त्याचा अनुभव पाहून कमी-जास्त. सगळ्यांच्या हातात पेले आले की सगळे एकाच वेळी पितात. त्यानंतर पंथाचे नियम मोठ्याने वाचले जातात. ज्याला पुढे काही सुधरणार नाही त्यालाही ते आधी ऐकवलेले असतात. मग शांतता, अधूनमधून 'शामादा', म्हणजे वाद्याविना म्हटलेली आवाहनं. आणि मग प्रश्नोत्तरं. सभासद उभा राहून विचारतो, मेस्त्रे उत्तर देतो. काढ्याच्या अंमलाला ते बुराशेरा म्हणतात, आणि त्या अंमलातही वाक्य नीट, शब्द तोलून बोलावं अशी अपेक्षा असते. शिकवण बहुतांशी मौखिक. ती लिहून घ्यायची नाही, ऐकून लक्षात ठेवायची, आणि स्मरणाच्या पायरीप्रमाणे सभासद वरच्या वर्गात जातो. आपल्या वाचकांना गुरुमुखातून पाठ होणाऱ्या विद्येची ओळख आहे, त्यांना हे परकं वाटू नये.

सांतो दाइमेची रीत गाण्याची. खोलीच्या मध्यभागी टेबल, त्यावर दोन आडव्या भुजांचा काराव्हाकाचा क्रूस, मेणबत्त्या, फुलं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, प्रत्येकाची जागा नेमून दिलेली. दर महिन्याच्या १५ आणि ३० तारखेला ध्यानाची उपासना असते, तेव्हा निळा गणवेश. सणांना पांढरा. स्त्रियांच्या पांढऱ्या पोशाखावर हिरवी पट्टी, रंगीत फिती आणि डोक्यावर मुकुट. जूनमधला संत योहानाचा सण, नाताळ आणि ६ जानेवारी या मोठ्या रात्री. त्या रात्री मार्च, वॉल्ट्झ आणि माझुर्का या तीन तालांवर ठरलेली पावलं टाकत, हातात माराका हा खुळखुळा वाजवत, पहाटेपर्यंत स्तोत्रं चालतात. काढा मध्ये मध्ये पुन्हा दिला जातो. स्तोत्रं 'रचली' असं म्हणत नाहीत, 'मिळाली' म्हणतात.

पाऊल चुकलं, ताल चुकला तर शेजारच्याचं लक्ष विचलित होतं, म्हणून ताल धरणं हीच साधना. अंमल वाढला आणि पाय लटपटू लागले तर बसायला वेगळी जागा असते. 'फिस्काल' म्हणजे पहारेकरी स्वयंसेवक. ते त्या रात्री इतरांवर नजर ठेवतात, कुणी बाहेर गेलं तर मागे जातात, पाणी देतात, उलटीसाठी बादली पुढे करतात आणि ठरावीक वेळाने माणसाला पुन्हा त्याच्या जागी आणतात. आमच्या मते या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाचा माणूस हाच. गाण्याची आणि काढ्याची वर्णनं पुष्कळ लिहिली जातात, बादली धरणाऱ्याबद्दल कुणी लिहीत नाही.

काढा प्यायल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने अंमल जाणवू लागतो, दीड-दोन तासांच्या आसपास तो शिखरावर असतो, आणि चारेक तासांत उतरतो. गाणी, शांतता आणि प्रश्नोत्तरं यांची मांडणी या चढ-उतारावर बेतलेली असते.

प्रश्न : उलट्या होतात म्हणजे काढा विषारी आहे का?

उलटी आणि जुलाब नेहमीचेच. कारण साधं आहे: आतड्यात सेरोटोनिन या शरीरातल्या संदेशवाहक द्रव्याचे ग्राही (रिसेप्टर) मोठ्या प्रमाणावर असतात आणि काढ्यातले घटक ते चेतवतात. शिवाय काढा कडूजहर आणि तुरट. पंथात याला शुद्धी मानतात, त्याची लाज बाळगत नाहीत. वैद्यकीय धोका कुठे आहे तो पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझ्या बहिणीला नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत. तिच्या परदेशी मैत्रिणीने तिला अशा उपासनेला बोलावलं आहे. जावं का?

गोळ्या चालू असताना अजिबात नाही. हा या सदरातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

वेलीतली द्रव्यं मोनोअमाइन ऑक्सिडेजला अडवतात हे वर आलं. हेच विकर सेरोटोनिनचाही निचरा करतं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र आले तर भर घालणारा नळ चालू आणि मोरीचं तोंड बंद, अशी गत होते. यालाच सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात: थरथर, दरदरून घाम, ताप, धडधडणारी नाडी, ताठरलेले स्नायू, भ्रमिष्टपणा, झटके. वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

अशाच घातक जोड्या ट्रॅमाडोल आणि पेथिडिन ही वेदनाशामकं, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि एमडीएमए हा नशेचा पदार्थ यांच्याशीही होतात. लिथियम या मनोविकारावरच्या औषधाबरोबर झटक्यांचा धोका आहे. सर्दीच्या गोळ्यांतली रक्तवाहिन्या आकसवणारी द्रव्यं रक्तदाब चढवू शकतात. 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट हे वनौषधही यातून सुटत नाही.

आता सर्वांत मोठी चूक. लोक 'चार दिवस गोळी बंद करू' म्हणतात. फ्लुओक्सेटिन आणि त्याचं शरीरात बनणारं उपद्रव्य कित्येक आठवडे रेंगाळतं. ते थांबवल्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणारं औषध द्यायचं असेल तर डॉक्टर पाच आठवडे थांबतात, बाकीच्या बहुतेक एसएसआरआयसाठी सुमारे दोन आठवडे. आणि गोळी अचानक बंद केल्याने नैराश्य उसळून येण्याचा धोका वेगळाच. बहिणीला सांगा, एका रात्रीसाठी चालू उपचार मोडू नयेत.

ज्यांना किंवा ज्यांच्या सख्ख्या नात्यात स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार किंवा मनोविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनीही लांब राहावं. अनियंत्रित रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनीही. जबाबदार गट नवख्या माणसाला आधी बसवून हे सगळं विचारतात. त्या मुलाखतीत खोटं बोलणारा स्वतःलाच फसवतो. मुलाखतच न घेणाऱ्या गटाकडे पाठ फिरवावी.

जुनं चीज, मुरवलेलं मांस, आंबवलेले सोयाचे पदार्थ अशा टायरामिन (हे विकर अडलं की रक्तदाब चढवू शकणारं द्रव्य) जास्त असलेल्या खाण्याबद्दलही विचारणा आहे. वेलीतली द्रव्यं विकराला कायमची बांधून ठेवत नाहीत, त्यामुळे हे विकर अडवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या औषधांइतका हा धोका नाही. तरी आदल्या आणि दुसऱ्या दिवशी टाळलेलं बरं. दाइमेत आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस दारू आणि शरीरसंबंध टाळण्याचा नियम आहे.

प्रश्न : डीएमटीवर जगभर बंदी असताना हे कायदेशीर कसं?

देशागणिक उत्तर वेगळं आहे.

ब्राझीलमध्ये १९८५ साली बॅनिस्टेरिऑप्सिस कापी बंदीच्या यादीत टाकली गेली. पंथांनी दाद मागितली, सरकारने अभ्यासगट नेमला, त्याचे सदस्य वसाहतींत जाऊन राहिले-पाहिले, आणि १९८७ मध्ये वेल यादीतून बाहेर आली. पुढे २५ जानेवारी २०१० च्या ठरावाने धार्मिक वापराची चौकट पक्की झाली. काढ्याची विक्री नाही, जाहिरात नाही, त्यावर पर्यटन नाही, इतर बंदी असलेल्या पदार्थांबरोबर वापर नाही. वनस्पतींची लागवड गटाने स्वतः करावी, नवख्याची मुलाखत घ्यावी. देखभालीच्या खर्चासाठी वर्गणी चालते, नफा चालत नाही.

अमेरिकेतली लढाई जास्त गाजली. मे १९९९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या उनियांवच्या शाखेसाठी ब्राझीलहून आलेले काढ्याचे तीन पिंप सरकारने जप्त केले. त्या शाखेचे सभासद होते जेमतेम १३०. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ फेब्रुवारी २००६ रोजी ८ विरुद्ध ० मतांनी निकाल पंथाच्या बाजूने लागला. आधार होता धार्मिक स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी १९९३ मध्ये केलेला कायदा. सरकारला कुणाच्या धर्माचरणावर मोठा भार टाकायचा असेल तर त्यामागे अत्यंत निकडीचं हित आहे, आणि त्यासाठी कमीत कमी जाचक मार्ग निवडला आहे, हे सरकारनेच सिद्ध करायचं. सरकारचा युक्तिवाद होता की अंमली पदार्थांच्या कायद्याला अपवाद करताच येत नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यावर पेयोटेकडे बोट दाखवलं. नेटिव्ह अमेरिकन चर्चचे लोक पेयोटे हे निवडुंग उपासनेत खातात आणि त्यांना कित्येक वर्षं सूट आहे. लाखोंना अपवाद चालतो तर १३० जणांना का नाही? निकाल तात्पुरत्या मनाईच्या टप्प्यावरचा होता आणि त्या पंथापुरता. त्यातून अमेरिकेत अयावास्का 'कायदेशीर झाली' असं म्हणणं चूक. ओरेगॉनमधल्या सांतो दाइमेच्या एका चर्चला २००९ मध्ये वेगळा खटला लढूनच मुभा मिळाली.

कॅनडाने २०१७ मध्ये माँट्रियलच्या गटाला सूट दिली. नेदरलँड्समध्ये उलटं घडलं: २००१ मध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने सांतो दाइमेला निर्दोष सोडलं होतं, २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. फ्रान्सने २००५ मध्ये या वनस्पतीच यादीत घातल्या. म्हणून एका देशातली मुभा गृहीत धरून दुसऱ्या देशात बाटली घेऊन उतरू नये.

प्रश्न : मुलांना आणि गर्भवतींना देतात का?

२०१० च्या ठरावात मुलांचा निर्णय पालकांवर आणि गर्भवतीचा निर्णय, गर्भाच्या वाढीची जबाबदारी ध्यानात घेऊन, तिच्या स्वतःवर सोपवलेला आहे. पंथात जन्मलेल्या मुलांना अगदी थोडा काढा देण्याची रीत आहे. सभासदांना त्यात वावगं वाटत नाही. आम्हाला मात्र हा भाग पटत नाही. मोठा माणूस स्वतःच्या संमतीने बसतो, मूल बसवलं जातं.

प्रश्न : दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या मेंदूवर परिणाम होतो का?

१९९३ मध्ये मनाउस शहरात अमेरिका, ब्राझील आणि फिनलंडच्या संशोधकांनी उनियांवच्या १५ जुन्या सभासदांची तुलना काढा न घेणाऱ्या १५ जणांशी केली. स्मृती, लक्ष, स्वभाव यांत हानी दिसली नाही. काहींची पंथात येण्यापूर्वी दारूची पार्श्वभूमी होती आणि ती सुटली होती. नंतरच्या अभ्यासांचा सूरही साधारण असाच आहे, आणि काढ्याची तलफ लागून व्यसन जडतं असं दिसत नाही.

पण हे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवावं. वर्षानुवर्षं टिकलेले लोक म्हणजे ज्यांना मानवलं ते लोक. ज्यांना त्रास झाला ते कधीच निघून गेले, ते अशा तुलनेत दिसत नाहीत. शिवाय दारू सुटली ती काढ्याने, की दर पंधरवड्याला गणवेश घालून शेजाऱ्यांसमोर बसावं लागल्याने, हे वेगळं करता येत नाही. आमचा कल दुसऱ्या कारणाला बराचसा वाटा देण्याकडे आहे. तोच काढा खोलीत एकट्याने पिणाऱ्याला या अभ्यासांचा हवाला देता येणार नाही.

प्रश्न : वेदातला सोम म्हणजे हाच का?

नाही. ही वेल दक्षिण अमेरिकेतली आहे. ऋग्वेदातला सोम डोंगरावरून आणतात, दगडांनी कुटून लोकरीच्या गाळणीतून गाळतात. उकळून आटवण्याचं वर्णन नाही. एक धागा मात्र खरा आहे. हार्मालिन हे नाव हरमल या झुडपावरून आलं, त्याच्या बियांत हीच अल्कलॉइड आहेत, आणि काही अभ्यासकांनी सोमासाठी हरमलचं नाव सुचवलं आहे. इतरांनी ते खोडून काढलं. वाद मिटलेला नाही.

प्रश्न : पेरूमधल्या जंगल-शिबिरांच्या जाहिराती दिसतात. ते याच पंथांचे का? आणि कामानिमित्त ब्राझीलमध्ये असताना नुसतं पाहायला जाता येईल का?

शिबिरांचा या पंथांशी संबंध नाही. पेरूत काढा वैद्याच्या हातात असतो. तो रात्री अंधारात इकारो नावाची गाणी म्हणत रोग्यावर उपचार करतो. त्या पारंपरिक ज्ञानाला पेरूने २००८ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा जाहीर केलं. पण पेरूतल्या इकितोस शहराच्या आसपास पर्यटकांसाठी उभ्या राहिलेल्या शिबिरांत खरे वैद्य आणि तोतये शेजारी शेजारी असतात. सर्वांत धोक्याची भेसळ म्हणजे तोए, म्हणजे धोतऱ्याच्या कुळातलं ब्रुगमान्सिया. त्यातल्या स्कोपोलामिनने माणूस तासन् तास भानावर नसतो, तोंड कोरडं पडतं, हृदयाची गती बिघडते. काढ्यात नेमकं काय आहे, रात्री किती लोकांमागे किती शुद्धीवरचे मदतनीस असतात, जवळचं रुग्णालय किती तासांवर आहे आणि वाहन तयार असतं का, या चार प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे भरू नयेत. एकट्या स्त्रीने तर दुसरी जाणती स्त्री उपस्थित असल्याशिवाय जाऊच नये. अंमलाचा गैरफायदा घेऊन अत्याचार झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत.

ब्राझीलमधल्या पंथांत प्रेक्षकाची खुर्ची नसते. उनियांवमध्ये नवख्यांसाठी वेगळी सभा घेतात, तीही मुलाखतीनंतर. सांतो दाइमेच्या बऱ्याच चर्चमध्ये पाहुण्याने पांढरे कपडे घालायचे, स्त्रियांनी लांब स्कर्ट, आणि आधी अर्ज भरून द्यायचा. एक अट सगळीकडे समान आहे: उपासना सुरू झाली की ती बंद होईपर्यंत निघून जाता येत नाही. सणाच्या रात्री हे दहा-बारा तास होतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची बैठक किंवा गाडी चालवणं ठेवू नका.